न्यायमंत्री चुकला तर



लंडनचा न्यायमंत्री राहिला काय नि गेला काय, आपल्या बेटाला त्याचे काय? असा प्रश्न कोणी विचारला तर तो अगदीच चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या घरी आपले प्रश्न थोडे आहेत काय? तरीही आज हाच विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे, आणि त्याला कारण आहे. १९६८ साली आपला देश स्वतंत्र झाला, १९९२ साली प्रजासत्ताक झाला, राणीचे चित्र भिंतीवरून उतरले. पण आपल्या संविधानाच्या ८१व्या कलमाने अखेरचे अपील अजूनही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीकडेच जाते. तेथे जे न्यायमूर्ती बसतात, तेच बहुतेक करून ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचेही न्यायमूर्ती असतात. इमारतही तीच. त्या न्यायालयाला जागा व साधने मिळतील हे पाहण्याचे काम कायद्याने कोणाचे? लॉर्ड चॅन्सलरचे, म्हणजेच तिकडच्या न्यायमंत्र्याचे. तेव्हा त्या खुर्चीवर कोण बसतो, हे पाहण्याचा थोडासा हक्क आपल्यालाही आहे.

शिवाय आणखी एक गोष्ट. साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या बेटावरील कितीतरी मुलेमुली परिचारिकेचे शिक्षण घ्यायला इंग्लंडला गेली, ती तिकडचीच झाली. आपल्यातील क्वचितच एखादे घर असेल की ज्याचा भाऊ, मावशी किंवा नातू तिकडे नाही. मालकाने त्यांचा पगार बुडवला, गरोदर बाईला कामावरून काढले, तर ते न्याय मागायला कोठे जाणार? तिकडच्याच कचेरीत.

आधी हे पद काय आहे ते थोडक्यात सांगतो. लॉर्ड चॅन्सलर हे इंग्लंडातील अतिशय जुने पद. पूर्वी हा एकच मनुष्य मंत्रीही असे, न्यायाधीशांचा प्रमुखही असे आणि उमरावांच्या सभेत अध्यक्षस्थानीही बसे. तीन टोप्या एका डोक्यावर! २००५च्या घटनात्मक सुधारणा कायद्याने त्यातील दोन काढून घेतल्या. आता तो मंत्री उरला. पण साधा मंत्री नव्हे. त्याला वेगळी शपथ घ्यावी लागते. कायद्याच्या राज्याचा मान राखीन, न्यायाधीशांच्या स्वातंत्र्याचे रक्षण करीन आणि न्यायालये नीट चालावीत म्हणून साधने पुरवीन, अशा अर्थाची ती शपथ आहे. शेतीमंत्री किंवा वाहतूकमंत्री असली शपथ घेत नाही. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढचे सारे भांडण या शपथेवरूनच आहे.

त्याच कायद्यात एक गमतीची तरतूदही आहे. या पदावर येणारा मनुष्य अनुभवाने योग्य असावा, असे कायदा म्हणतो. अनुभव कोणता? मंत्री म्हणून, खासदार म्हणून, वकील म्हणून, कायद्याचा अध्यापक म्हणून. आणि शेवटी, पंतप्रधानांना जो योग्य वाटेल तो कोणताही. म्हणजे दाराला कुलूप लावायचे आणि किल्ली दारातच ठेवायची, अशातला हा प्रकार.

त्या दारातून २०१२च्या सप्टेंबरात श्री. क्रिस ग्रेलिंग आत आले. कित्येक शतकांत या पदावर आलेले ते पहिलेच बिनवकील गृहस्थ. केवळ वकील नाही म्हणून कोणाला नावे ठेवू नयेत असे आमचे मत आहे. न्याय कळायला काळा झगाच लागतो असे नाही. आपल्या खेड्यांतील वडीलधाऱ्यांनी बैठकीत सतरंजीवर बसून कितीतरी भांडणे मिटवली आहेत. पण ज्याला घराची माहिती नाही त्याने निदान घरातल्यांना विचारून खांब हलवावा. ग्रेलिंगसाहेबांनी विचारले नाही असे नाही, विचारले आणि ऐकले नाही.

आपल्या मराठीत म्हण आहे की शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. आपल्या आजोबांच्या तोंडी ती नेहमी असे. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ इतकाच की भांडण टाळता येत असेल तर टाळावे. पण ज्याचा पगार मालकाने ठेवून घेतला आहे त्याने काय करावे? त्याला ती पायरी चढावीच लागते. पोर्ट लुईच्या औद्योगिक न्यायालयाची पायरी आपल्यापैकीही अनेकांनी चढलेली आहे. ग्रेलिंगसाहेबांच्या खात्याने इंग्लंडात या पायरीवरच जकात बसवली.

२०१३च्या २९ जुलैपासून नोकरीच्या तंट्यांसाठी असलेल्या न्यायाधिकरणात अर्ज करायला फी लागू झाली. त्याआधी हा अर्ज फुकट होता. बुडालेल्या पगारासारख्या साध्या तक्रारीला अर्जाचे १६० आणि सुनावणीचे २३० मिळून ३९० पौंड. अन्यायाने कामावरून काढणे, स्त्री म्हणून किंवा वर्णावरून भेदभाव करणे अशा तक्रारींना २५० आणि ९५० मिळून १,२०० पौंड. ज्याची नोकरी गेली त्याने, नोकरी गेल्याच्या तक्रारीसाठी, बाराशे पौंड आणावेत! गरिबांना सूट होती. पण तिचे नियम असे की किमान वेतनावर राबणाऱ्या कुटुंबालाही पुष्कळदा ती मिळू नये. आणि तीनचारशे पौंडांच्या बाकी पगारासाठी ३९० पौंड भरायला कोण जाईल? कोणी गेलेच नाही. दाव्यांची संख्या सुमारे दोनतृतीयांशाहून अधिक घटली.

सरकारचे म्हणणे होते की खोटे दावे कमी होतील. ऐकायला बरे वाटते. खोटे दावे गळाले असते तर उरलेल्यांत जिंकणाऱ्यांचे प्रमाण वाढायला हवे होते. ते वाढले नाही, उलट कमीच राहिले. म्हणजे गाळणीतून खडे गेले नाहीत, तांदूळच गेले.

युनिसन ही तिकडची कामगार संघटना यावर न्यायालयात गेली. खाली हरली, वरच्या न्यायालयातही हरली, पण थांबली नाही. शेवटी २०१७च्या २६ जुलैला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की ही फी पहिल्या दिवसापासूनच बेकायदा होती. मुख्य निवाडा लॉर्ड रीड यांनी लिहिला. त्यातील एक विचार आम्हांला फार मोलाचा वाटला. न्यायालय म्हणजे जो वापरील त्याने पैसे भरावे असे काही सार्वजनिक स्नानगृह नव्हे. (हा दाखला आमचा, लॉर्डसाहेबांचा नव्हे.) एका कामगाराने दावा जिंकला की न गेलेल्या हजार कामगारांनाही त्याचा उपयोग होतो, कारण मालकाला ठाऊक असते की हा मनुष्य उद्या न्यायालयात जाऊ शकतो. तो जाऊच शकत नाही असे मालकाला एकदा कळले की मग पुस्तकातला कायदा पुस्तकातच राहतो.

वाचकहो, ही गोष्ट आपल्या बेटाला कोणी लंडनहून शिकवायला नको. आपले पूर्वज मुंबई बंदरातून जहाजात चढले, कोकणातून आले, आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढून या भूमीवर उतरले. त्यांच्या करारात सर्व काही लिहिलेले होते: मजुरी किती, तांदूळ किती, डाळ किती. त्यांच्या रक्षणासाठी म्हणून पगारी मॅजिस्ट्रेटही नेमलेले होते. तरी काय होत असे? एक दिवस कामावर गेला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. त्याला ‘डबल कट’ म्हणत. मालकाची तक्रार करायला मॅजिस्ट्रेटकडे जायचे तर मळा सोडून चालत जावे लागे, तेवढ्यात तो दिवसही बुडे आणि वर भटक्या म्हणून पोलीस पकडीत. कायदा होता, न्यायाधीश होता. फक्त दोघांपर्यंत पोहोचायची वाट नव्हती.

१८७१ साली आदोल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्याने या मजुरांचा अर्ज लिहून दिला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या व अंगठे होते. त्या सज्जनावर पोर्ट लुईच्या रस्त्यात हल्ला झाला, पण अर्ज पोहोचला. १८७२ साली राजाज्ञेने चौकशी मंडळ आले आणि १८७५ साली त्याचा अहवाल निघाला. त्या अंगठ्यांत आपल्या कोणा खापरपणजोबांचाही असेल. लंडनच्या फीचा निकाल वाचताना आम्हांला पुनःपुन्हा त्या अंगठ्यांचीच आठवण येत होती. दीडशे वर्षांनी, फार सुधारलेल्या म्हणवणाऱ्या देशात, पुन्हा तीच युक्ती! कायदा ठेवायचा आणि वाट बुजवायची.

ग्रेलिंगसाहेबांची कामगिरी एवढ्यावरच थांबली असती तर कदाचित आम्ही हा लेख लिहिला नसता. एक चूक कोणाच्याही हातून होते. फीचा विचार त्यांच्या आधीपासून चालला होता, आणि सरकारी वकीलमदतीला मोठी कात्री लावणारा कायदाही त्यांच्या आधीच्या मंत्र्याच्या काळात, २०१२ साली, झाला होता. त्या वेळी सारे सरकारच काटकसरीच्या मागे लागलेले होते. हे सर्व त्यांच्या बाजूचे म्हणून सांगितलेच पाहिजे. पण पुढे पाहा.

तुरुंगातील कैद्यांना घरून येणाऱ्या पुस्तकांवर २०१३च्या नोव्हेंबरात बंधन आले. इंग्लंडातील मोठमोठे लेखक त्याविरुद्ध उभे राहिले. २०१४च्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. पुस्तक हा बक्षिसाचा खाऊ नव्हे, सुधारण्याचे साधन आहे, हे न्यायमंत्र्याला न्यायाधीशाने शिकवावे लागले.

मग त्यांनी ठरवले की जो मनुष्य सलग बारा महिने ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहिलेला नाही त्याला दिवाणी प्रकरणांत सरकारी वकीलमदत मिळू नये. नवी सून म्हणून तिकडे गेलेल्या आपल्या मुलीचा विचार करा. तिला घरात मारहाण झाली तर काय अकरा महिने थांबायचे? काही अपवाद ठेवले होते हे खरे. पण कागदपत्रे घेऊन आपण अपवादात बसतो हे सिद्ध करायचे कोणी, तर त्या घाबरलेल्या मुलीनेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले की असा नियम करण्याचा अधिकारच मंत्र्याला नव्हता. नियम अंमलात आलाच नाही, ही देवाची कृपा आणि काही चिकट वकिलांची.

२०१५च्या एप्रिलपासून आणखी एक आकार आला. गुन्ह्यात दोषी ठरलेल्याने दंडाखेरीज न्यायालयाचा खर्च म्हणून १५० पासून १,२०० पौंडांपर्यंत द्यावे. गुन्हा कबूल केला तर थोडे, लढून हरला तर पुष्कळ. आता दुकानातून पावाची लादी चोरणाऱ्या भुकेल्या माणसाने काय करावे? निर्दोष असला तरी भीतीने कबुली देणार! मॅजिस्ट्रेटला हा आकार कमी करण्याची मुभाच नव्हती. इंग्लंडातील मॅजिस्ट्रेट बहुतेक बिनपगारी नागरिक असतात, गावातली प्रतिष्ठित माणसे. त्यांतील पन्नासहून अधिक जणांनी राजीनामे दिले. ज्यांना पदापासून काही मिळत नव्हते त्यांनी पद सोडले, आणि ज्याला सर्व मिळत होते तो राहिला, असे म्हणायचा मोह होतो. पण तोवर ग्रेलिंगसाहेब त्या खात्यातून गेलेले होते. त्यांच्या जागी आलेल्या श्री. मायकेल गोव्ह यांनी वर्ष संपण्यापूर्वीच तो आकार रद्द केला.

आणि प्रोबेशनचे खाते! तुरुंगातून सुटलेल्या माणसावर नजर ठेवणारे, त्याला काम मिळवून देणारे हे खाते. चांगले चालले होते. २०१४ साली त्याचे दोन तुकडे केले. बरेचसे काम २१ कंपन्यांकडे गेले. तज्ज्ञ सांगत होते की आधी एखाद्या जिल्ह्यात करून पाहा. घाई होती, पाहिले नाही. शेवटी २०२१च्या जूनमध्ये सर्व काम पुन्हा सरकारकडे आले. मोडायला एक वर्ष, जोडायला सात.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या मंत्र्याला काढा, अशी मागणी तेव्हा झाली होती काय? झाली होती. २०१४च्या जानेवारीत फौजदारी वकिलांनी पहिल्यांदाच कामावर बहिष्कार घातला. टोप व झगे घातलेले बॅरिस्टर न्यायालयांबाहेर थंडीत उभे राहिले. मोर्चे निघाले. ग्रेलिंग जा, अशा घोषणा झाल्या. सरकार म्हणाले, वकिलांना आपल्या फीची काळजी आहे. त्यात थोडे तथ्य होतेही. वकील काही संत नव्हेत. पण डॉक्टरने आपल्या पगारासाठी संप केला म्हणून रोग्याचा ताप खोटा ठरतो काय?

पंतप्रधानांनी ऐकले नाही. २०१५च्या मे महिन्यात निवडणूक झाली तेव्हा ग्रेलिंगसाहेब न्यायखात्यातून गेले, पण कसे? लोकसभेतील सरकार पक्षाचे नेते होऊन. पुढच्या वर्षी वाहतूकमंत्री झाले. तेथे एका कंपनीला जहाजसेवेचे कंत्राट दिले, सुमारे १ कोटी ३८ लाख पौंडांचे. त्या कंपनीकडे एकही जहाज नव्हते! तेही रद्द करावे लागले. पुढे २०२४ साली ते लॉर्ड झाले. आज ते उमरावांच्या सभेचे सभासद आहेत. फीचा निकाल २०१७ साली लागला तेव्हा प्रतिवादी म्हणून नाव ‘लॉर्ड चॅन्सलर’ असे पदाचेच होते, आणि त्या पदावर तोपर्यंत तिसराच मनुष्य येऊन बसला होता. परत करायची रक्कम तीन कोटी पौंडांहून अधिक असल्याचा अंदाज होता. ती कोणी दिली? करदात्याने. आणि जे भीतीने गेलेच नाहीत त्यांना काय परत मिळाले? त्यांनी फीच भरलेली नव्हती, तेव्हा परत करण्यासारखे सरकारजवळ काही नव्हते.

यातच आमचे म्हणणे आले. न्यायमंत्र्याच्या बाबतीत न्यायालयाच्या निकालाची वाट पाहणे म्हणजे घर जळाल्यावर विहीर खणणे होय. निकाल तीन-चार वर्षांनी लागतो; मंत्री तोवर दुसऱ्या गावी. म्हणून या एका खात्यात मागणी लवकर झाली पाहिजे आणि संसदेने ती लवकर ऐकली पाहिजे.

ग्रेलिंग यांनी हातांनी मोडले. त्यांच्यानंतर दुसऱ्या आलेल्या बाईंनी, श्रीमती लिझ ट्रस यांनी, तोंड न उघडून मोडले. २०१६ सालची गोष्ट. युरोपातून बाहेर पडायची नोटीस सरकार संसदेला न विचारता देऊ शकते काय, हा खटला होता. दावा लावणाऱ्या श्रीमती जीना मिलर जन्माने गयानाच्या, म्हणजे आपल्यासारख्याच गिरमिटिया मजुरांच्या वसाहतीतल्या. ३ नोव्हेंबरला उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी सांगितले की संसदेला विचारलेच पाहिजे. दुसऱ्या दिवशी डेली मेल या वर्तमानपत्राने त्या तिघांची छायाचित्रे पहिल्या पानावर छापली आणि वर मथळा दिला, जनतेचे शत्रू!

न्यायाधीशाला उत्तर देता येत नाही. तो वर्तमानपत्राला पत्र लिहीत नाही, सभा घेत नाही. त्याच्या वतीने बोलण्यासाठीच तर लॉर्ड चॅन्सलरने शपथ घेतलेली असते. बॅरिस्टरांच्या मंडळाने मंत्रीणबाईंना जाहीर विनंती केली की बोला. त्यानंतर एक लहानसे निवेदन आले: न्यायसंस्थेचे स्वातंत्र्य महत्त्वाचे आहे, एवढेच. त्या मथळ्याविषयी अवाक्षर नाही. वर्तमानपत्रांना काय छापावे हे सांगणे आपले काम नाही, असे त्यांचे पुढचे समर्थन होते. सांगू नका ना! पण ‘हे खोटे आहे, हे न्यायाधीश आपले कर्तव्य करीत आहेत’ असे म्हणायला कोणाचे स्वातंत्र्य आड येत होते? वर्तमानपत्राला बोलण्याचा अधिकार आहे तसा मंत्र्यालाही आहे. आम्हीही वर्तमानपत्रवालेच आहोत. आमचे तोंड कोणी बंद करावे असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही चुकलो तर आम्हांला चारचौघांत सांगावे, एवढेच.

त्या तिघांत इंग्लंडचे सरन्यायाधीश लॉर्ड थॉमस होते. २०१७च्या मार्चमध्ये उमरावांच्या समितीपुढे ते म्हणाले की या बाबतीत मंत्रीमहोदया पूर्णपणे चुकलेल्या आहेत. लोकांच्या भावना इतक्या भडकल्या होत्या की आपल्याला पोलिसांचा सल्ला व संरक्षण मागावे लागले, असेही त्यांनी सांगितले. सरन्यायाधीशाने एवढे उघड बोलावे हे त्या देशात आक्रीतच. माजी लॉर्ड चॅन्सलर लॉर्ड फाल्कनर यांनी ट्रसबाईंना पदावरून काढावे अशी मागणी केली. जूनमध्ये निवडणुकीनंतर त्यांना अर्थखात्यात खालच्या जागी हलवले. शिक्षा झाली की बदली झाली, कोणी सांगितले नाही. पुढे २०२२ साली त्या पंतप्रधानही झाल्या, जेमतेम दीड महिना.

दोघांत अधिक दोषी कोण? आमच्यात यावर चर्चा झाली आणि एकमत झाले नाही. काहींना वाटते की गरिबाची वाट अडवणे हा मोठा अपराध. काहींना वाटते की वाट पुन्हा मोकळी करता येते, पण न्यायाधीशाच्या मनात एकदा भीती शिरली तर ती कोणत्या निकालातून डोकावेल हे कळणारही नाही. आमचा कल दुसऱ्या बाजूला आहे. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवले आणि पद सोडून ते वाईकडे निघून गेले, ही कथा आपण मुलांना सांगतो. रामशास्त्र्यांचे कौतुक करताना आपण एक गोष्ट विसरतो. त्या दरबारात त्यांच्या बाजूने बोलायला कोणी नव्हते, म्हणूनच त्यांना जावे लागले. ज्या राज्यात जायचे ते राहतात आणि राहायचे ते जातात, तेथे न्यायमंत्र्याचे पद रिकामे आहे असेच समजावे, मग खुर्चीत कोणीही बसलेला असो.

येथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. इंग्लंडात न्यायमंत्री काढले गेले नाहीत असे कसे म्हणता? २०१० ते २०२४ या चौदा वर्षांत दहा माणसे त्या खुर्चीत बसून गेली. एक गृहस्थ तर २०२२ साली सात आठवडेच होते. इतके बदलून काय झाले? फौजदारी खटल्यांचा ढीग वाढतच गेला. क्राउन न्यायालयांत २०१९ अखेर ३८ हजारांच्या आसपास खटले पडून होते, २०२४ अखेर ते ७० हजारांच्या वर गेले. मधल्या काळात महामारी आली, वकिलांचा संप झाला, हे खरे. पण इमारती गळत होत्या आणि न्यायालये बंद करून विकली जात होती ती महामारीच्या आधीपासूनच. एक आत येतो, खात्याची फाइल वाचून होते न होते तो दुसरा येतो. कोणालाच जबाबदार धरता येत नाही.

हा आक्षेप आम्ही मान्य करतो. पण यातील बहुतेक जण काढले गेले नव्हते, हलवले गेले होते. पक्षाच्या सोयीसाठी, निवडणुकीसाठी, नव्या पंतप्रधानांच्या मर्जीसाठी. स्वयंपाकिणीने भात करपवला म्हणून तिला काढणे वेगळे आणि दर आठवड्याला स्वयंपाकीण बदलणे वेगळे. पहिल्याने पुढची जपून राहते. दुसऱ्याने घरात कोणालाच मिठाचा डबा सापडत नाही.

भारतात २०१३ साली याहून बरे घडले. कोळसा खाणींच्या चौकशीचा अहवाल सर्वोच्च न्यायालयात जाण्यापूर्वी कायदामंत्री श्री. अश्विनी कुमार यांनी पाहिला व त्यात बदल सुचवले, हे एप्रिलमध्ये बाहेर आले. ८ मेला न्यायालयाने चौकशी खात्याला पिंजऱ्यातला पोपट म्हटले. १० मेला मंत्री गेले. त्यांचे म्हणणे होते की आपण काही गैर केले नाही, आणि ते तसे असेलही. पण शंका असताना न्यायाच्या खुर्चीत बसता येत नाही, हे तेथे महिन्याभरात मान्य झाले. आपल्या बेटावरही २०१७च्या सप्टेंबरात अ‍ॅटर्नी जनरलनी पद सोडले होते. वर्तमानपत्रातील आरोप त्यांनी नाकारले, पण पद सोडले.

आपल्याकडचे आणखी एक उदाहरण देऊन थांबतो. ट्रसबाई लंडनमध्ये गप्प होत्या त्याच हिवाळ्यात, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात, २०१६च्या डिसेंबरात, आपल्या विधानसभेपुढे संविधानदुरुस्तीचे एक विधेयक आले. आपल्या संविधानाच्या ७२व्या कलमाने खटला भरायचा की नाही हे सार्वजनिक अभियोग संचालक स्वतंत्रपणे ठरवतात. मंत्र्याचा त्यात हात नाही. त्या संचालकांच्या निर्णयांची तपासणी करणारे एक मंडळ नेमावे, असे ते विधेयक. संचालकांवर कोणाची नजर नसावी काय, असा सरकारचा प्रश्न होता आणि प्रश्न म्हणून तो रास्त होता. पण मंडळ कोण नेमणार, आणि चालू खटल्यांचे काय, याचे समाधानकारक उत्तर मिळेना. दुरुस्तीला तीनचतुर्थांश मते लागत होती. तेव्हा उपपंतप्रधान असलेले श्री. झाव्हिये-ल्यूक द्युवाल आणि त्यांच्या पक्षाचे मंत्री सरकारमधून बाहेर पडले. मते पुरेनात, आणि विधेयक मागे पडले. द्युवालसाहेबांच्या सर्वच राजकारणाशी आम्ही सहमत आहोत असे नाही. ते पर्यटनमंत्री होते. न्यायखाते त्यांचे नव्हते, शपथही त्यांनी तसली घेतलेली नव्हती. तरी ख्रिसमसच्या आठवड्यात गाडी, कचेरी आणि शिपाई सोडून ते विरोधी बाकांवर जाऊन बसले.